भाड्याच्या घरातील वीजबिल, पाणीपट्टी आणि घरपट्टी: रूममेटनी जबाबदारी कोणत्या क्रमाने वाटून घ्यावी

रत्नागिरी, चिपळूण, लोटे, दापोली, कुडाळ किंवा अलिबाग येथे नोकरीसाठी वा शिक्षणासाठी आलेली तिघे-चौघे मिळून घर भाड्याने घेतात आणि पहिल्याच आठवड्यात एक सोपा नियम करून टाकतात, की येईल ते बिल माणशी सारखे वाटायचे. हा नियम फार तर गणपतीपर्यंत टिकतो. मग एकजण पंधरा-वीस दिवस गावी जातो, दुसऱ्याच्या खोलीत एसी बसतो, तिसऱ्याची बदली होते, आणि मुंबईत राहणारे घरमालक फोन करून सांगतात की ग्रामपंचायतीत जाऊन तेवढी घरपट्टी भरून टाका. अशा वेळी कोणी किती भरायचे, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

या बहुतेक घरांत चूक एकाच जागी होते. घरमालकाला, महावितरणला आणि नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला कोण उत्तरदायी आहे, हे पाहण्याआधीच आपसांतली वाटणी ठरवली जाते. त्यामुळे जे आपण देणेच लागत नाही तेही वाटले जाते आणि जे आपल्याच नावावर आहे त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. पहिल्या तीन पायऱ्या सामान हलवण्याआधीच्या किंवा त्याच दिवसाच्या आहेत.

## तयारी: कोणते कागद हाती असावेत

घर पाहायला जाताना घरमालकाकडून वीजबिलाच्या अलीकडच्या दोन प्रती, घरपट्टीची चालू वर्षाची पावती आणि, इमारतीत सोसायटी असेल तर, मेंटेनन्सचे शेवटचे बिल मागून घ्यावे. उन्हाळ्यातले एक वीजबिल मिळाल्यास उत्तम, कारण जुलैचे बिल पाहून केलेला अंदाज मे महिन्यात साफ चुकतो. वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट लिहून घ्यावे आणि महावितरणच्या संकेतस्थळावर थकबाकी आहे का ते स्वतः तपासावे. घरपट्टीच्या पावतीवर मिळकत क्रमांक असतो. ग्रामपंचायत हद्दीत हीच नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, सापडते.

तपासणी: आधीच्या भाडेकरूची थकबाकी बिलात दिसत असेल, तर ती चुकती झाल्याची पावती पाहिल्याशिवाय डिपॉझिट देऊ नये. वीज तोडायला येणारा कर्मचारी घरात आता कोण राहते हे पाहत नाही, तो ग्राहक क्रमांक पाहतो.

## पायरी १: करारावर कोणाकोणाची सही आहे ते पाहावे

चौघांपैकी एकाच्याच नावावर भाडेकरार करणे घरमालकाला सोयीचे वाटते आणि मुलांनाही घाई असते. पण मग घरमालकाच्या लेखी भाडेकरू तो एकटाच ठरतो. बाकीचे तिघे उद्या निघून गेले, तर पूर्ण भाडे आणि पूर्ण बिले त्याच्याच गळ्यात पडतात, आणि आपसांत काय ठरले होते ते घरमालकाला सांगून उपयोग होत नाही.

चौघांच्याही सह्या असतील तर चित्र बदलते, मात्र तेही नीट समजून घ्यायला हवे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर समोरचा त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने ती भरली, तो इतरांकडून त्यांचा समान हिस्सा वसूल करू शकतो. त्यांच्यातला एकजण पैसे देऊच शकला नाही, तर ते नुकसान उरलेल्यांनी सारखे वाटून सोसायचे असते. म्हणजे “मी माझा हिस्सा भरला आहे” हे वाक्य रूममेटपुढे चालते, घरमालकापुढे चालत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. लहान गावांत अजूनही साध्या स्टॅम्प पेपरवर काम भागवले जाते. तिथे निदान एवढा आग्रह धरावा की सर्वांची नावे करारात यावीत आणि वीज, पाणी, मेंटेनन्स व घरपट्टी या चार बाबींवर प्रत्येकी एक स्पष्ट वाक्य असावे.

सावधान: “सर्व कर व बिले भाडेकरू भरेल” असे एकच वाक्य करारात असेल तर सही करण्यापूर्वी ते बदलून घ्यावे. त्या एका वाक्याने घरपट्टीसुद्धा तुमच्याकडे येते.

## पायरी २: देण्यांची घरमालकाची आणि तुमची अशी विभागणी करावी

सर्वांत जास्त गोंधळ या पायरीवर होतो, म्हणून इथे सावकाश जावे.

घरपट्टी किंवा मालमत्ता कर हा मिळकतीवरचा कर असून करारात वेगळे ठरलेले नसेल तर तो घरमालकानेच भरायचा असतो. नगरपरिषदेच्या बिलात त्याच्यासोबत वृक्ष कर, शिक्षण कर अशा ओळी असतात, त्याही मालकाच्याच. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी अशी विभागणी दिसते. पाणीपट्टीतही दोन प्रकार आहेत. सर्वसाधारण पाणीपट्टी गावाच्या सार्वजनिक सोयीसाठी असते आणि विशेष पाणीपट्टी घरातल्या खाजगी नळजोडणीसाठी. भाडेकरूंनी पाण्याचे पैसे द्यायचे ठरले असेल, तर माझ्या मते फक्त विशेष पाणीपट्टी किंवा मीटरप्रमाणे येणारे बिल घ्यावे, आणि तेही आपण राहिलो तेवढ्याच महिन्यांचे. कर एप्रिल ते मार्च अशा वर्षाचा असतो. ऑक्टोबरमध्ये राहायला येणाऱ्यांनी पूर्ण वर्षाची रक्कम वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये भाडेकरू ठेवल्याबद्दलचे ना-वापर शुल्क वेगळे दाखवलेले असते. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही आणि ते सभासदावर, म्हणजे मालकावर, लागते. इमारतीची रंगरंगोटी आणि दुरुस्ती निधी यांचेही तसेच. सफाई, जिन्यातला दिवा, कचरा उचलणे हे रोजच्या वापराचे खर्च असल्याने ते भाडेकरूंनी देणे रास्त आहे.

महावितरणकडून मासिक बिलाखेरीज कधी कधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते. ते पाहून मुले घाबरतात आणि लगेच चौघांत वाटून भरून टाकतात. ही ठेव ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या खात्यात जमा राहते आणि तिच्यावरचे व्याजही त्याच्याच बिलात वळते होते. घर सोडताना ती तुम्हाला परत मिळत नाही. म्हणून ते बिल घरमालकाकडे पाठवावे, आणि भरावेच लागले तर ती रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करण्याची लेखी संमती आधी घ्यावी.

आता मुंबईतल्या घरमालकाची गोष्ट. कोकणात मालक चाकरमानी असणे नित्याचे आहे आणि घरपट्टी भरायला त्यांनी खास गावी येणे व्यवहार्य नसते. ग्रामपंचायतीचा कर ३० सप्टेंबरपूर्वी भरल्यास पाच टक्के सवलत मिळते आणि नगरपरिषद हद्दीत थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, त्यामुळे वेळेत भरावे असे त्यांना वाटणे योग्यच आहे. त्यांच्या वतीने भरायला हरकत नाही, मात्र क्रम असा ठेवावा: आधी मालकांचा संदेश मागावा, ज्यात रक्कम, वर्ष आणि “पुढच्या भाड्यातून वजा करा” हे शब्द असतील, मग मिळकत क्रमांक सांगून भरणा करावा, पावती मालकांच्याच नावाची (ग्रामपंचायतीत नमुना १० या कर-पावतीच्या नमुन्यातली) आहे का ते तिथेच तपासून घ्यावे, तिचा फोटो लगेच मालकांना आणि चारही रूममेटना पाठवावा, आणि त्या महिन्याचे भाडे देताना “घरपट्टी वजा” अशी नोंद पैसे पाठवतानाच करावी. ज्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरले, त्याला ते भाड्याच्या जमा रकमेतून पूर्ण परत मिळाले का, हे बाकीच्यांनी आठवणीने पाहावे. भाडे कमी गेल्यामुळे सगळ्यांचेच पैसे वाचतात आणि भरणारा एकटाच तोट्यात राहतो, हे बऱ्याच घरांत घडते.

तपासणी: या टप्प्यावर एका कागदावर दोन याद्या तयार झालेल्या असाव्यात, एक मालकाच्या देण्यांची आणि एक आपल्या देण्यांची. मालकांना त्या कागदाचा फोटो पाठवून “ठीक आहे” एवढे उत्तर घ्यावे. यापुढची वाटणी फक्त दुसऱ्या यादीची करायची आहे.

## पायरी ३: किल्ली हातात आली त्या दिवशीचे रीडिंग घ्यावे

मीटरचा फोटो काढावा. त्यात मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएच असे लिहिलेले रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने बदलत असतात, म्हणून घाईने काढलेल्या फोटोत पुष्कळदा तारीख किंवा व्होल्टेजच येते. पाण्याला मीटर असेल तर त्याचाही फोटो घ्यावा.

त्यानंतर घरातले सर्व एमसीबी (मुख्य बोर्डावरचे स्विच) खाली पाडून मीटरवरच्या लहान लाल दिव्याकडे पाच मिनिटे पाहत उभे राहावे. हा दिवा वीज वापरली जाते तसा लुकलुकतो. घरात सर्व बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर त्या मीटरवर तुमच्याखेरीज दुसरे काही तरी जोडलेले आहे. आपल्याकडे हा दुसरा भार बहुतेक वेळा विहिरीवरचा पंप असतो, कधी मागच्या पडवीतली राखणदाराची खोली, तर कधी अंगणातला रात्रभर जळणारा दिवा. पंप अधूनमधूनच चालतो, म्हणून त्याची पेटी कोणत्या मीटरला जोडली आहे हे विचारूनही घ्यावे. असे काही आढळल्यास जोडणी वेगळी करून द्यायला सांगावे. ते शक्य नसेल तर महिन्याला किती रक्कम मालक सोसतील हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे, कारण तीन महिन्यांनी हा विषय काढला तर त्याला तक्रारीचे रूप येते.

## पायरी ४: वाटणीचा नियम लिहावा

वीजबिल डोळे झाकून चारने भागू नये आणि उलट प्रत्येक बल्बचा हिशेबही मांडू नये. बिलाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग स्थिर आकाराचा. घर बंद असले तरी तो येतो, म्हणून तो सर्वांनी सारखा द्यावा. दुसरा भाग वैयक्तिक मोठ्या उपकरणांचा, म्हणजे मुख्यतः एसीचा. त्यासाठी त्या खोलीच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून सबमीटर, म्हणजे तेवढाच वापर मोजणारा वेगळा लहान मीटर, बसवून घ्यावा आणि त्याचा खर्च एसी वापरणाऱ्यांनी करावा. तिसरा भाग उरलेल्या सामाईक वापराचा, जो हजेरीच्या दिवसांनुसार वाटावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, बिल २,५०० रुपये आहे, त्यात स्थिर आकार २०० रुपये आणि एकूण वापर २३० युनिट. स्थिर आकार वजा जाता २,३०० रुपये राहतात, म्हणजे सगळे शुल्क धरून सरासरी १० रुपये युनिट पडले. एसीच्या खोलीत दोघे राहतात आणि सबमीटरने ७० युनिट दाखवले, तर ७०० रुपये त्या दोघांचे, प्रत्येकी ३५०. सामाईक वापर १६० युनिट, म्हणजे १,६०० रुपये. तिघेजण पूर्ण ३० दिवस होते आणि चौथा गणपतीला गावी गेल्यामुळे फक्त १० दिवस होता. एकूण हजेरी १०० दिवस, म्हणून दिवसाला १६ रुपये. पूर्ण महिना राहिलेल्यांचे ४८० आणि गावी गेलेल्याचे १६०. स्थिर आकाराचे प्रत्येकी ५० मिळवल्यावर एसीच्या खोलीतल्या दोघांचे ८८० प्रमाणे १,७६०, तिसऱ्याचे ५३० आणि चौथ्याचे २१० होतात. बेरीज २,५०० येते. ही शेवटची बेरीज दर महिन्याला करून पाहावी.

या पद्धतीत एसी वापरणाऱ्यांना थोडी सवलतच मिळते, हे इतरांनी जाणून असावे. घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटना सर्वांत कमी दर असतो आणि १०१ ते ३०० युनिटना त्याहून बराच जास्त. एसी नसता तर हे घर वरच्या टप्प्यात इतके खोल गेलेच नसते. तरीही सरासरी दरच धरावा असे मी सांगेन, कारण टप्प्यांचा हिशेब दर महिन्याला मांडत बसण्याचा कंटाळा येतो आणि कंटाळ्याने नियमच सुटतो. उन्हाळ्यात फरक फार खुपू लागला, तर मार्च ते मे या तीन महिन्यांसाठी एसीच्या युनिटला ठरावीक जास्त दर लावावा.

गैरहजेरीची सूट सलग सात दिवसांहून अधिक काळ बाहेर असलेल्यालाच द्यावी. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्याचे दिवस मोजू लागलात तर रोज हजेरीपट घ्यावा लागेल. फ्रिज आणि वायफाय कोणी नसतानाही चालू राहतात, म्हणून पूर्ण महिना बाहेर असलेल्यानेही वायफायचा पूर्ण हिस्सा आणि फ्रिजपोटी काही ठरावीक रक्कम द्यावी. शिमगा, गणपती आणि मे महिना या तीन वेळांचा नियम आधीच लिहिलेला असला म्हणजे ऐन सुटीत फोनवर वाद होत नाहीत.

सिलिंडरचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जे घरी जेवतात त्यांनी तो वाटावा, डबा लावलेल्याने चहापाण्यापुरता लहान हिस्सा द्यावा. गॅसजोडणी कोणाच्या नावावर आहे आणि तिची अनामत कोणाची, एवढे मात्र कागदावर यावे.

सावधान: नियम कोणाच्या पगाराकडे पाहून करू नये. एखाद्याला सवलत द्यायची इच्छा असेल तर ती आपसांत जरूर द्यावी, पण नियमात ती घातली की पुढे येणारा प्रत्येक नवा रूममेट तिच्यावर हक्क सांगतो.

## पायरी ५: दर महिन्याचा क्रम बसवावा

भरणारा माणूस एकच असावा आणि त्याची पाळी तीन महिन्यांनी बदलावी. दर महिन्याला माणूस बदलला की एखादे बिल दोघांच्यामध्ये राहून जाते. बिल आले की त्याने त्याच दिवशी प्रत ग्रुपवर टाकावी, दोन दिवसांत वाटणी सांगावी, सर्वांनी पुढच्या तीन दिवसांत पैसे पाठवावेत, आणि देय तारखेची वाट न पाहता भरणा व्हावा. ठरलेल्या मुदतीच्या आत भरल्यास महावितरण तत्पर भरणा सवलत देते. ती तारीख बिलावर वेगळी छापलेली असते आणि देय तारखेच्या आधीची असते.

बिल कोणाच्या मोबाईलवर येते हे आधीच पाहावे. मालकांच्या क्रमांकावर जात असेल तर ते पुढे पाठवायला विसरतात. ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अ‍ॅपवर आपणच दर महिन्याला बिल पाहणे त्याहून खात्रीचे.

बिले थकलीच, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. “आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा” असा वैयक्तिक मोबाईलवरून आलेला संदेश फसवणुकीचा असतो. तो पाहून ग्रुपमधल्या एकाने घाबरून परस्पर पैसे भरू नयेत. शंका आल्यास महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर विचारावे.

तपासणी: भरणा झाल्यावर पावती ग्रुपवर आल्याशिवाय तो महिना बंद धरू नये. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे, व्यवहार मध्येच अडकू शकतो.

## पायरी ६: उन्हाळ्याचे पाणी आणि पावसाळ्याचे रीडिंग

पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर एप्रिल-मेमध्ये तळ गाठते, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. मग टँकर मागवावा लागतो. घरमालकाने पाण्याची सोय भाड्यात धरली आहे का, हे करारात पाहावे. धरली असेल तर टँकर त्यांचा. नसेल तर माणशी हजेरीप्रमाणे वाटावा आणि दर टँकरची चिठ्ठी तारखेसह ठेवावी. मे महिन्यात अर्धे घर रिकामे असताना मागवलेला टँकर गावी गेलेल्यांवर लावू नये.

पावसाळ्यात मीटरपर्यंत पोहोचता आले नाही किंवा घर बंद असले, तर बिल सरासरीवर येते. बिलावर “मागील” आणि “चालू” रीडिंग सारखेच दिसत असेल किंवा “लॉक” असा शेरा असेल, तर ते सरासरीचे बिल समजावे. नंतर प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर फरक वळता होतो. अडचण अशी की तोपर्यंत एखादा रूममेट सोडून गेलेला असतो आणि त्याचा वापर उरलेल्यांच्या माथी बसतो. म्हणून स्मार्ट मीटर नसलेल्या घरात दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा फोटो काढावा, आणि सरासरीचे बिल आले की वाटणी आपल्या फोटोतल्या युनिटवरून करून फरकाची नोंद ठेवावी.

## पायरी ७: एकजण सोडून जातो तेव्हा

जाणाऱ्याने निदान तीस दिवस आधी सांगावे, हे नियमात असावे. निघण्याच्या दिवशी मीटर आणि सबमीटरचा फोटो काढून त्या दिवसापर्यंतच्या युनिटची रक्कम मागच्या बिलाच्या सरासरी दराने घ्यावी. पुढचे बिल आल्यावर चार-पाच रुपयांचा फरक पडला तर तो सोडून द्यावा.

डिपॉझिटचा प्रश्न जास्त नाजूक असतो. मालक एकाचा हिस्सा मध्येच परत देत नाहीत, त्यामुळे नवा येणारा जाणाऱ्याला थेट पैसे देतो आणि मालकांना याचा पत्ताच नसतो. असे करताना मालक, जाणारा आणि येणारा या तिघांना एकाच संदेशात घेऊन रक्कम लिहावी आणि करारात नाव बदलून घ्यावे. नाव बदलले नाही, तर बाहेर पडलेला माणूस कागदावर देणेकरी राहतो आणि नव्याने आलेल्याचा डिपॉझिटवर कागदोपत्री काहीच हक्क राहत नाही.

तपासणी: नव्या रूममेटला पायरी २ मधल्या याद्या आणि पायरी ४ मधला नियम वाचायला देऊन त्याची सही घ्यावी. तो येण्यापूर्वीच्या कोणत्याही बिलात त्याचे नाव येऊ नये.

## पायरी ८: घर सोडताना

शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो मालकांसमोर, किंवा ते मुंबईत असतील तर व्हिडिओ कॉलवर, घ्यावा. शेवटचे वीजबिल घर सोडल्यानंतर येते, म्हणून मालक डिपॉझिटमधून एक ढोबळ रक्कम कापून ठेवतात. त्याऐवजी फोटोतले रीडिंग आणि मागच्या बिलाचा दर घेऊन रक्कम तिथेच काढावी आणि “यापुढे वीजबिलापोटी काही येणे नाही” असे मालकांकडून लिहून घ्यावे. वर्षभरात आपण भरलेल्या घरपट्टीच्या पावत्या आणि त्या भाड्यातून वजा झाल्याच्या नोंदी एकत्र लावून पाहाव्यात. एखादी वजावट राहून गेली असेल तर ती डिपॉझिट परत घेतानाच मागावी. वायफाय, गॅसजोडणी आणि सबमीटर ज्याच्या नावावर किंवा ज्याच्या पैशातून घेतले, त्याच्याकडे ते सोपवावेत, आणि ग्रुप बंद करण्यापूर्वी सर्व पावत्या प्रत्येकाने आपल्याकडे उतरवून घ्याव्यात.